गेम बॉयची बाराखडी

रात्री जेवणं झाल्यावर हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर एक फेरी मारा. कोणाच्या तरी मोबाईलवर जुना पीएसपीचा गेम चालू असतो, कोणी पोकेमॉन पकडत असतो, तर कोणी असाइनमेंटच्या वहीखाली मोबाईल लपवून मारिओला उड्या मारायला लावत असतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "इम्युलेटर टाकलाय." आणि इम्युलेटर म्हणजे काय असं विचारलं तर दुसरं ठरलेलं उत्तर : "फुकट गेम खेळायचं सॉफ्टवेअर."

हे दुसरं उत्तर ऐकलं की मला राहवत नाही. कारण आपण इंजिनिअरिंगची मुलं. दुसऱ्या सेमिस्टरपासून मायक्रोप्रोसेसर, रजिस्टर, स्टॅक हे शब्द ऐकून कान किटतात, आणि खिशातल्या मोबाईलमध्ये एक अख्खा प्रोसेसर दुसऱ्या प्रोसेसरचं सोंग घेऊन नाचतोय हे कोणाच्या गावीही नसतं! म्हणून हा लेख. इम्युलेशन म्हणजे काय, होमब्रू म्हणजे काय, आणि पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका ठोकळ्यात मराठी बाराखडी बसवायला गेलं की काय काय होतं, ते सांगते. सर आणि मॅडम हा लेख वाचत असतील तर त्यांनी याला अभ्यासच समजावं ही विनंती.

आपल्या घरातलं पहिलं सोंग

इम्युलेशन हा शब्द नवा वाटला तरी ती गोष्ट आपल्या घरात फार पूर्वी आली होती. तुमच्या मोठ्या दादाला किंवा काकाला विचारा. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम मिळायचा. समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशी नावं. सोबत पिवळ्या रंगाची कॅसेट, आणि त्यावर छापलेलं "९९९९९९ इन १". प्रत्यक्षात आत मारिओ, कॉन्ट्रा आणि दहा-बारा गेम, बाकी सगळी त्यांचीच पुनरावृत्ती.

यातले बहुतेक डबे निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राची नक्कल होते. मूळ यंत्रात वेगवेगळ्या चिप होत्या. नक्कल करणाऱ्यांनी त्यांचं काम एकाच चिपमध्ये कोंबलं आणि वर काळ्या डांबरासारखा थेंब टाकला. खराब झालेला डबा कोणी उघडला असेल तर त्याला तो काळा थेंब आठवेल. हे हार्डवेअरमधलं सोंग. मूळ यंत्र जे करायचं तेच दुसऱ्या यंत्राने हुबेहूब करायचं. इम्युलेटर हेच सोंग सॉफ्टवेअरमध्ये घेतो.

हातात धरायच्या गेमची आपल्याकडची ओळख म्हणजे जत्रेतला ब्रिक गेम. त्याचा पडदा १० बाय २० चौकोनांचा. वरून विटा पडतात, ओळ भरली की पुसली जाते. पण त्यात नवा गेम टाकता येत नाही. जे आत आहे ते आहे. गेम बॉयची गंमत इथून सुरू होते, कारण त्यात कार्ट्रिज बदलता येते. आणि कार्ट्रिज बदलता येते म्हणजे त्यात तुमचा स्वतःचा प्रोग्रॅमही जाऊ शकतो!

दुभाष्याची गोष्ट

माझं घर तलासरीला. तलासरी म्हणजे महाराष्ट्राचं टोक. हायवेवर अच्छाड ओलांडलं की गुजरात. आमच्या बाजारात मराठी, वारली, गुजराती आणि हिंदी अशा चार भाषा एका वेळी चालतात, त्यामुळे दुभाषी हा प्रकार आम्हाला पाठ्यपुस्तकातून शिकावा लागत नाही. इम्युलेटर हा असाच दुभाषी आहे.

गेम बॉयचा प्रोसेसर एक भाषा बोलतो आणि तुमच्या मोबाईलचा प्रोसेसर दुसरी. गेम लिहिलेला असतो पहिल्या भाषेत. इम्युलेटर त्यातली एक सूचना उचलतो, तिचा अर्थ लावतो, आणि मोबाईलच्या भाषेत तेच काम करून दाखवतो. मग पुढची सूचना. आपल्या मायक्रोप्रोसेसरच्या पुस्तकातलं फेच, डिकोड, एक्झिक्यूट हे चक्र इथे सी भाषेतल्या एका मोठ्या स्विच-केसमध्ये फिरत असतं. मूळ यंत्राची रजिस्टरं म्हणजे आपले साधे व्हेरिएबल, त्याची मेमरी म्हणजे आपला एक ॲरे. एवढ्यावरच सोंगाचा अर्धा भाग तयार होतो.

शब्दागणिक थांबणारा दुभाषी हळू असतो. हुशार दुभाषी नेहमीची वाक्यं पाठ करून ठेवतो आणि पुन्हा तेच वाक्य आलं की धाडकन भाषांतर फेकतो. इम्युलेटरमध्ये याला जस्ट-इन-टाइम म्हणतात. सूचनांचा अख्खा तुकडा एकदाच भाषांतरित करून ठेवायचा आणि पुढच्या वेळी तोच वापरायचा. पीएसपीसारखं ३३३ मेगाहर्ट्झचं यंत्र मोबाईलवर पळतं ते या युक्तीमुळे.

तिसरा दुभाषी याहून वेगळा. तो शब्द सोडून मतलब सांगतो. हेन्रिक रिडगार्ड यांनी २०१२ साली आणलेला पीपीएसएसपीपी हा पीएसपीचा इम्युलेटर अशा प्रकारचा आहे. गेमने पीएसपीच्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे काही मागितलं, तर तो सोनीची सिस्टिम चालवत बसत नाही, ते काम स्वतःच्या पद्धतीने करून देतो. म्हणून त्याला सोनीची बायोस फाइल लागत नाही. त्याचा सोर्स कोडही सगळ्यांना खुला आहे. प्रोजेक्टला विषय मिळत नाही म्हणून रडणाऱ्यांनी तो एकदा उघडून पाहावा.

ठोकळ्याचं मोठेपण

गेम बॉय जपानमध्ये आला २१ एप्रिल १९८९ रोजी. तो घडवणाऱ्या टीमचे प्रमुख होते गुन्पेई योकोई. त्यांचा एक लाडका विचार होता : जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, ज्याचे सगळे गुणदोष माहीत झाले आहेत असं तंत्रज्ञान घ्यायचं आणि ते नव्या जागी वापरायचं. तेव्हा रंगीत पडद्याचे हँडहेल्ड येऊ लागले होते. पण ते बॅटरी खात. योकोईंनी साधा चार छटांचा पडदा घेतला आणि चार पेन्सिल सेलवर गेम बॉय पंधरा तासांच्या आसपास चालवून दाखवला. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट गेली की कधी येईल याचा नेम नसतो, त्यामुळे या निर्णयाचं मोल मला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८० लाखांहून जास्त विकले गेले.

आता त्याच्या आत काय आहे ते बघा. आठ बिटचा प्रोसेसर, वेग ४.१९ मेगाहर्ट्झ. काम करायला ८ किलोबाइट रॅम, चित्रांसाठी आणखी ८ किलोबाइट. पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा. हा लेख ज्या फाइलमध्ये टाइप केला तीच त्या रॅममध्ये मावली नसती!

पण अशा यंत्राचा एक फायदा आहे. ते एका माणसाच्या डोक्यात पूर्ण मावतं. आपला मोबाईल आतून कसा चालतो हे पूर्णपणे सांगू शकेल असा माणूस जगात सापडणार नाही. गेम बॉयचं मात्र प्रत्येक रजिस्टर काय करतं याचा तक्ता 'पॅन डॉक्स' या नावाने १९९५ पासून लोक लिहीत आणि सुधारत आले आहेत. कंपनीने दिलेलं हे मॅन्युअल नाही. कुतूहल असलेल्या लोकांनी यंत्र चाचपून चाचपून लिहून काढलेलं आहे. इम्युलेटर लिहिणाऱ्यांनी आणि होमब्रू करणाऱ्यांनी मिळून ते केलं, आणि एकाचं काम दुसऱ्याला उपयोगी पडलं.

कुलूप आणि किल्ली

होमब्रू म्हणजे घरी केलेलं. कंपनीच्या परवानगीशिवाय, स्वतःच्या डोक्याने, स्वतःच्या यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम. कंपन्यांना हे कधी आवडलं नाही, म्हणून त्यांनी कुलपं घातली.

गेम बॉयचं कुलूप फार मजेशीर आहे. तो चालू केला की वरून कंपनीचं नाव सरकत खाली येतं आणि टिंग असा आवाज होतो. ते नाव गेम बॉय कार्ट्रिजमधून वाचतो. ४८ बाइट्सचं ते चित्र आपल्या आतल्या २५६ बाइट्सच्या बूट रॉममधल्या चित्राशी ताडून बघतो, आणि एक बिट जरी वेगळा निघाला तरी तिथेच गोठतो. म्हणजे परवानगी नसलेल्याने कार्ट्रिज बनवलं तर त्यात कंपनीचा ट्रेडमार्क छापावाच लागेल, आणि मग त्याच्यावर खटला भरता येईल. कुलूप तांत्रिक, पण किल्ली वकिलाच्या हातात!

पीएसपीची कथा तर मालिकेसारखी आहे. ते २००४ च्या डिसेंबरमध्ये जपानात आलं. पहिल्या १.०० फर्मवेअरला सही नसलेला प्रोग्रॅमही चालायचा. सोनीने लगेच ती फट बुजवली. लोकांनी २००५ मध्येच एका बिघडवलेल्या टिफ चित्रातून नवी फट काढली. सोनीने तीही बुजवली. २००७ साली लोकांच्या लक्षात आलं की बॅटरीचा सिरियल नंबर विशिष्ट केला तर पीएसपी स्वतःला सर्व्हिस सेंटरमध्ये आहे असं समजतं. या बॅटरीला नाव पडलं पँडोरा. शेवटी २०११ मध्ये सही करायच्या किल्ल्याच बाहेर आल्या आणि खेळ संपला. २०१४ मध्ये सोनीने पीएसपीचा पुरवठा थांबवला. आज ते यंत्र जिवंत आहे ते होमब्रूवाल्यांमुळे.

इथे माझ्या मनात एक प्रश्न येतो, आणि तो तुमच्याही मनात यावा असं वाटतं. आपण पैसे देऊन घेतलेलं यंत्र आपलं असतं की कंपनीचं? निन्टेन्डोने थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी बंद केलं. फक्त तिथेच विकले जाणारे गेम त्या दिवसापासून विकत मिळेनासे झाले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने एक अभ्यास प्रसिद्ध केला : तिथे २०१० पूर्वी आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. पुस्तक जुनं झालं तर ग्रंथालयात मिळतं. गेम जुना झाला की यंत्रासकट भंगारात जातो. इम्युलेटर हे या बाबतीत आपलं ग्रंथालय आहे.

"ताई, हा काय बोलतो?"

माझ्याकडे मामाने सेकंडहँड आणलेला एक गेम बॉय कलर आहे. सुट्टीत घरी गेले की शेजारची पोरं तो मागायला येतात. त्यातला एक चौथीतला. आश्रमशाळेत शिकतो, बोटं अशी चालतात की आपण बघत राहावं. पण गेममध्ये एखादं पात्र बोलायला लागलं की तो यंत्र माझ्यापुढे धरतो : "ताई, हा काय बोलतो?" मी वाचून सांगते, तो पुढे खेळतो. पुन्हा थोड्या वेळाने यंत्र पुढे.

त्याला कोडं कळतं, नकाशा कळतो, शत्रूची चाल कळते. फक्त इंग्रजी वाचता येत नाही. आणि मला, कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे, इंग्रजी पाणी प्यावं तसं येतं, म्हणून मला हा अडथळा आहे हेच आधी दिसत नव्हतं. मग वाटलं, यंत्राचं सगळं मॅन्युअल उघडं आहे, कुलूप लोकांनी कधीच उघडलं आहे, तर याच्यासाठी मराठी बोलणारा एक गेम का करू नये?

तिथून खरा अभ्यास सुरू झाला.

गेम बॉयचा पडदा पिक्सेल-पिक्सेलने रंगवायचा नसतो. तो फरशी बसवल्यासारखा आहे. ८ बाय ८ पिक्सेलची एक फरशी, म्हणजे टाइल. आडव्या २०, उभ्या १८. प्रत्येक टाइल १६ बाइट्सची, आणि चित्रांच्या मेमरीत एका वेळी ३८४ टाइल मावतात. इंग्रजी अक्षर एका टाइलमध्ये आरामात बसतं. २६ अक्षरं, दहा आकडे, चार चिन्हं, काम संपलं.

आता आपली बाराखडी घ्या. क ते ज्ञ ३६ व्यंजनं, प्रत्येकाची १२ रूपं, म्हणजे ४३२. टाइलच ३८४! म्हणजे एका अक्षराला एक टाइल दिली तरी बाराखडी मेमरीत मावत नाही. शिवाय वर वेलांटी, खाली उकार, त्यामुळे आठ पिक्सेलच्या उंचीत आपलं अक्षर बसतच नाही. किमान १६ बाय १६ हवं, म्हणजे एका अक्षराला चार टाइल. एकूण १७२८ टाइल, म्हणजे २७,६४८ बाइट्स. सगळ्यात साधं कार्ट्रिज ३२,७६८ बाइट्सचं. उरले ५,१२० बाइट्स, त्यात अख्खा गेम बसवा! आणि जोडाक्षरं अजून यात धरलेलीच नाहीत.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पण गेम बॉयला ते कोणी कळवलेलं नाही.

कागदावर सुटलेलं गणित

उपाय असा : अक्षरं साठवायची नाहीत, अक्षरांचे सुटे भाग साठवायचे. व्यंजनं, त्यांची अर्धी रूपं, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, रफार. साधारण शंभर तुकडे. आणि ते चार छटांमध्ये साठवायची गरज नाही, शाई आहे की नाही एवढंच पुरतं. म्हणजे एका पिक्सेलला एक बिट, १६ बाय १६ च्या तुकड्याला ३२ बाइट्स. शंभर तुकड्यांचे ३,२०० बाइट्स. सत्तावीस हजारांवरून तीन हजार!

मजकूर दाखवायच्या वेळी हे तुकडे रॅममध्ये एकमेकांवर ऑर करून चढवायचे आणि तयार झालेली ओळ टाइलमध्ये पाठवायची. एका ओळीला २० आडव्या आणि २ उभ्या अशा ४० टाइल. तीन ओळींच्या चौकटीला १२०. बाकी २६४ टाइल झाडं, घरं आणि माणसांना मोकळ्या.

पण देवनागरी एवढ्यावर सोडत नाही. पहिली अडचण ऱ्हस्व वेलांटीची. "कि" मध्ये क आधी उच्चारतो, युनिकोडमध्येही क आधी येतो, पण काढताना वेलांटी आधी काढावी लागते. म्हणजे प्रोग्रॅमला एक अक्षर पुढे डोकावून बघावं लागतं. दुसरी रफाराची. "अर्क" मधला र बोलताना क च्या आधी, लिहिताना क च्या डोक्यावर. तिसरी शिरोरेषेची. मला वाटलं ही सगळ्यात सोपी, शब्दभर एक आडवी रेघ ओढली की झालं. पण घ आणि ध, म आणि भ यांत फरक काय? ध आणि भ यांची शिरोरेषा सलग नसते. सलग रेघ ओढली तर 'धर' चं 'घर' होतं आणि 'भात' चं 'मात'. म्हणून रेघ प्रत्येक तुकड्यासोबतच ठेवावी लागते.

खरं सांगते, कॉन्व्हेंटमध्ये मराठी विषय होता, पण बाराखडीकडे इतक्या बारकाईने मी कधी पाहिलं नव्हतं. आलेख वहीच्या चौकोनांत पेन्सिलने ळ काढताना पहिल्यांदा कळलं की हे अक्षर किती सुंदर आहे, आणि किती त्रासदायक.

दहा नाचणारे आणि अकरावा

गेमचं चित्र काय ठेवायचं हा प्रश्न आमच्याकडे पडत नाही. डहाणू-तलासरी म्हटलं की वारली चित्रं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. गेरूवर पांढरा रंग, दोनच छटा. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचं अंग, वर एक गोल. चार छटांच्या आणि १६० पिक्सेलच्या पडद्याला याहून सोयीची चित्रकला शोधून सापडणार नाही. ८ बाय १६ पिक्सेलमध्ये वारली माणूस चालतो, वाकतो, नाचतो, आणि ओळखूही येतो.

मग साहजिकच तारपा नाच घ्यायचा. मध्ये तारपा वाजवणारा, भोवती हात गुंफलेल्या माणसांची फिरती साखळी. इथे गेम बॉय दुसरा नियम काढतो. हलणाऱ्या चित्रांना स्प्राइट म्हणतात. एका वेळी पडद्यावर ४० स्प्राइट, ठीक आहे. पण एका आडव्या ओळीवर फक्त १०. अकरावा आला की तो त्या ओळीवर दिसतच नाही! म्हणजे साखळी आडवी आली की मधली माणसं गायब, आणि हात सुटलेला तारपा नाच म्हणजे तारपा नाचच नव्हे.

यावर जुन्या प्रोग्रॅमरांची युक्ती म्हणजे दर फ्रेमला वेगळी दहा माणसं दाखवायची, मग चित्र लुकलुकतं. मी दुसरा मार्ग घेतला. साखळीतली माणसं फरशीच्या टाइलमध्येच काढली आणि त्या टाइलची चित्रं बदलत ठेवली. फरशीला ओळीची मर्यादा नाही. स्प्राइट म्हणून फक्त तारपेकरी आणि खेळणारा. आता साखळीत कितीही माणसं येऊ शकतात, आणि कोणाचाही हात सुटत नाही.

सोंग किती खरं?

आता इम्युलेटरकडे परत येऊ, कारण होमब्रू करणाऱ्याचं रोजचं काम त्यावरच होतं. दर वेळी कार्ट्रिजमध्ये प्रोग्रॅम भरत बसलो तर सेमिस्टर संपेल. कॉम्प्युटरवर लिहा, कंपाइल करा, इम्युलेटरमध्ये उघडा, दोन सेकंदांचं काम. शिवाय इम्युलेटर प्रोग्रॅम मध्येच थांबवून प्रत्येक रजिस्टर उघडं करून दाखवतो. खरं यंत्र असं पोट उघडून दाखवत नाही.

पण सोंग किती बारकाईचं आहे हे बघावं लागतं. गेम बॉय पडदा रंगवत असताना चित्रांच्या मेमरीला हात लावू देत नाही. पूर्ण पडदा रंगवून झाला की थोडी विश्रांती घेतो, तिला व्ही-ब्लँक म्हणतात. दर फ्रेमला १.१ मिलिसेकंदांच्या आसपास. टाइल भरायचा हाच सुरक्षित वेळ. साध्या लूपने त्यात शंभर-सव्वाशे बाइट्स जातात. आपली मराठी ओळ ६४० बाइट्सची, म्हणजे सहा फ्रेम, सेकंदाचा दहावा भाग. अक्षरं टपटप उमटत येतात आणि ते दिसतंही छान.

काही जुने इम्युलेटर हा नियम पाळत नसत, कधीही लिहा, चालतं. त्यावर उत्तम दिसणारा मजकूर खऱ्या यंत्रावर अर्धा गायब व्हायचा. आजचे सेमबॉय किंवा एमजीबीए यांसारखे इम्युलेटर या बाबतीत फार काटेकोर आहेत. दुभाष्याने अर्थ बरोबर सांगणं वेगळं, आणि बोलणारा कुठे थांबला, कुठे श्वास घेतला तेही सांगणं वेगळं. चांगला इम्युलेटर श्वाससुद्धा मोजतो.

कायद्याचं काय?

हा प्रश्न रेक्टर सरांच्या आधी मीच विचारते. इम्युलेटर हे सॉफ्टवेअर स्वतः बेकायदेशीर नाही. अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात २००० साली अपील कोर्टाने म्हटलं की इम्युलेटर बनवण्यासाठी केलेलं रिव्हर्स इंजिनिअरिंग हा वाजवी वापर आहे. त्याआधी १९९२ मध्ये सेगा विरुद्ध अ‍ॅकोलेड या खटल्यात, गेम बॉयसारख्याच ट्रेडमार्कच्या कुलपाबद्दल, निकाल कुलूप उघडणाऱ्याच्या बाजूने लागला. उलट बाजूही सांगायला हवी. २०२४ मध्ये निन्टेन्डोने युझू या स्विचच्या इम्युलेटरवर खटला भरला, आणि २४ लाख डॉलर देऊन तो मिटवून युझू बंद झाला. बाजारात चालू असलेल्या यंत्राचं आणि त्याच्या कुलपांचं प्रकरण वेगळं पडतं.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या ५२ व्या कलमानुसार कायदेशीररीत्या मिळालेल्या प्रोग्रॅमची राखीव प्रत करता येते, आणि तो कसा चालतो याचं निरीक्षण व अभ्यास करता येतो. पण चोरीची प्रत माहीत असून वापरली तर त्याच कायद्यात तुरुंगवास आणि दंड दोन्ही आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने हक्कभंग करण्यासाठी डिजिटल कुलूप तोडणं हाही गुन्हा झाला. थोडक्यात, कुठून तरी उतरवलेले हजार गेम पेन ड्राइव्हवर घेऊन फिरणं आणि स्वतः लिहिलेला गेम स्वतःच्या यंत्रावर चालवणं, या दोन गोष्टींना एकच नाव देऊ नका. दुसऱ्या गोष्टीत कोणाचं काहीच घेतलेलं नसतं.

सुरुवात कुठून?

ज्यांना हात घालावासा वाटतो त्यांच्यासाठी :

प्रोग्रॅमिंगची भीती वाटत असेल तर जीबी स्टुडिओपासून सुरू करा. ख्रिस माल्टबी यांनी २०१९ मध्ये आणलेलं हे मोफत साधन आहे. चित्रं ठेवा, माऊसने जोडा, गेम तयार. सी येत असेल तर जीबीडीके-२०२०. असेंब्लीचा शौक असेल तर आरजीबीडीएस. गेम बॉय अ‍ॅडव्हान्समध्ये एआरएम प्रोसेसर आहे, म्हणजे मोबाईलच्या प्रोसेसरचा पूर्वजच. एम्बेडेड सिस्टिमचा पेपर असणाऱ्यांनी तो घ्यावा, त्यासाठी डेव्हकिटप्रो आहे. दुसऱ्यांचा कोड वाचायचा असेल तर 'टोबू टोबू गर्ल' आणि 'मायक्रोसिटी' हे दोन होमब्रू गेम सोर्ससकट खुले आहेत. एका लहानशा कार्ट्रिजमध्ये अख्खं शहर कसं बसवलंय ते बघा आणि थक्क व्हा.

एक धोक्याची सूचना : जुनं पीएसपी कोणाच्या कपाटात पडलं असेल तर आधी मागचं झाकण उघडून बॅटरी बघा. फुगलेली असेल तर चार्जिंगला लावू नका, टोचू नका, केराच्या डब्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या. हॉस्टेलची गादी कापसाची आहे हे लक्षात असू द्या.

माझ्या गेमची आजची स्थिती सांगते. बाराखडी चालते. रफार चालतो. तारपा नाच फिरतो. 'ट्र' सारखी खाली टोपी घेणारी जोडाक्षरं अजून नीट बसलेली नाहीत. पात्रांचे संवाद सध्या पुस्तकी मराठीत आहेत आणि ते मला खटकतात, कारण आमच्याकडे घरात कोणी असं बोलत नाही. ते वारलीत हवेत, आणि ते मी एकटीने लिहिणं बरोबर नाही. आपल्या हॉस्टेलमध्ये डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड इथली बरीच मुलं-मुली आहेत. ज्यांच्या घरी ती बोली बोलली जाते त्यांनी चार वाक्यं सुधारून दिली तरी मोठं काम होईल. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो चौथीतला मुलगा यंत्र पुढे न धरता पहिली पातळी खेळू शकला पाहिजे, एवढंच लक्ष्य ठेवलंय.

मदत करणाऱ्यांचं स्वागत आहे. आलेख वही माझी, चहा माझा, पेन्सिल सेल मात्र ज्याचे त्याने आणावेत!